पाटीवरचं रक्त

सप्‌! आसूड बसला तशी नऊ वर्षांची ईरम्मा कळवळली, आणि वळसंगच्या ओढ्याकाठी जमलेल्या शंभरेक माणसांनी हात जोडले. वा रे भक्ती! चौऱ्याहत्तर सालातली ही गोष्ट.

"पोरगी न्हाय रडत, आतला मुंजा रडतोय!" कल्लप्पा महाराज गरजला. "इद्या गिळून बसलाय त्यो. पाटी आना!"

महाराजानं पाटीवर भंडाऱ्याचं पाणी ओतलं, तळहात फिरवला, आणि पिवळी पाटी बघता बघता लालभडक झाली.

"रगत वकला! मुंजा रगत वकला!" लोक ओरडले.

बाप रुद्रप्पानं पोरीचे हात धरून ठेवले होते. आई दानम्मा तोंडात पदर कोंबून उभी होती. घरात कन्नडमध्ये दिवसभर चुरूचुरू बोलणारी, पाढे म्हणणारी पोर शाळेत पाऊल टाकलं की मुकी होते, दुसरीत दोनदा नापास होते, याला करणीशिवाय दुसरं काय म्हणायचं? लेकीचं आयुष्य मातीत जाईल या धास्तीनं ती माउली मार बघत राहिली.

"फुडल्या सोमवारी जिभंला डाग द्यायचा," महाराज म्हणाला. "मंग बगा, पयला नंबर!"

घरी दानम्मानं पोरीच्या सुजलेल्या पाठीसाठी हळद-चुना कालवला. मुक्या मारावर तिची आजी, सासू हेच लावायची. पिवळ्या हळदीत चुना पडला नि लेप लाल झाला, जन्मभर होत आला तसाच. लावता लावता तिचा हात थांबला. भंडारा तरी काय, हळदच की! तिनं पाटीवर हळदीचं पाणी ओतलं, चुन्याचं बोट फिरवलं. पाटी लाल! दानम्मानं कपाळ बडवून घेतलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं लेकीला विचारलं, शाळेत गप्प का बसतेस? ईरम्मा म्हणाली, गुरुजी काय बोलतात तेच कळत नाही.

हे सांगितलं तर रुद्रप्पा तिच्याच अंगावर धावून आला.

सोमवारी निखाऱ्यात सळई लाल झाली. रुद्रप्पानं पोरीचा जबडा धरला. दानम्मा गर्दी फोडून घुसली, महाराजाचं मनगट पकडलं आणि भंडाऱ्याचं पाणी त्याच्या तळहातावर ओतलं. तळहात लाल झाला.

"मुंजा तर ह्येच्याच हातावर बसलाय की! चुना हाय त्यो, बायांनो! आपून लेपात घालतो त्योच!"

महाराजानं आसूड तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला.

"बगा!" ती थुंकली. "खरं रगत असं असतंय!"

रुद्रप्पानं पोरीला सोडलं आणि महाराजाला चिखलात आडवा केला. मग काय, काल पाया पडणारे आज लाथा घालू लागले. आपली अक्कल गहाण टाकल्याचा राग माणूस असाच दुसऱ्यावर काढतो.

शाळेचे गुरुजी माळशिरसकडचे, शिकवायचे मराठीत, कन्नडचं ओ की ठो कळत नसे. तेही गर्दीत हात जोडून उभे होते. दानम्मानं लेकीला त्यांच्यापुढं आणलं आणि नवऱ्याला म्हणाली, "इचारा तिला. आपल्या बोलीत इचारा."

"एळेंटला?" रुद्रप्पानं विचारलं.

"ऐवत्तारु," ईरम्मा फटकन म्हणाली.

"सात आठे छप्पन्न म्हनली, गुरुजी," दानम्मानं सांगितलं. गुरुजींची मान खाली गेली.

पाठीवरचे वळ पुढं महिनाभर राहिले. ते मुंज्यानं उठवले नव्हते. मायेपोटी हात धरणाऱ्या बापानं आणि बघत राहिलेल्या आईनं उठवू दिले होते. म्हणून सांगतो बाबांनो, लेकरू शाळेत गप्प बसलं तर महाराज शोधू नका. आधी लेकराला विचारा.