सरस गल्लीतलं नाक

आमच्या ऑफिसात मला तोंडावर ‘बाई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘नाक’. मला ठाऊक होतं, आणि मला त्याचा रागबिग काही यायचा नाही. कुणाला घराण्याचा अभिमान असतो, मला नाकाचा होता. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी शेजारच्या घरात दूध करपायला लागलं की त्यांच्या आधी मला कळतं आणि मी भिंतीवर थाप मारते. सूनबाई हसते. हसू दे बापडी.

प्रदूषण नियंत्रण कार्यालयात वास हुंगायची नोकरी असते म्हटलं की लोकांना वाटतं, म्हातारी थट्टा करतेय. अहो, असते! धूर मोजायला यंत्र आहे, पाणी तपासायला प्रयोगशाळा आहे, पण दुर्गंधी मोजायला माणसाच्या नाकासारखं दुसरं काही तेव्हा नव्हतं. आपल्या सरकारने शेजारच्या देशांबरोबर हवेच्या करारावर सही केली, हवेला सीमा नसते वगैरे भाषणं झाली, मग नवा कायदा आला आणि त्याच्या शेपटाला धरून आमचं वास-मंडळ आलं.

कुणाची तक्रार आली की आमचा नमुनेवाला तिथे जाऊन एका मोठ्या पिशवीत तिथली हवा भरून आणायचा. पिशवीवर फक्त क्रमांक, नावगाव काही नाही. आम्ही हुंगणारे पडदे लावलेल्या कप्प्यांत बसायचो. समोर तीन नळ्या. दोहोंत शुद्ध हवा, तिसरीत पिशवीतली, पण शुद्ध हवा मिसळून खूप पातळ केलेली. जिच्यात वास असेल तिचं बटण दाबायचं. नाही ओळखता आलं तर पुढच्या फेरीत जरा कमी पातळ. जितक्या पातळ हवेतही वास पकडला जाईल, तितकी दुर्गंधी जास्त. मर्यादा ओलांडली की कारखान्याला नोटीस. चाचणीच्या दिवशी डोक्याला तेल नाही, तोंडाला पावडर नाही, सकाळचा चहासुद्धा नाही. चहा नाही म्हटल्यावर माझं टाळकं असं काही फिरलेलं असायचं की नमुनेवाला माझ्याशी दारातूनच बोलायचा.

आमच्या साहेबांनी यात स्वतःच्या डोक्याने एक नियम घातला होता. हुंगणारे निवडायचे ते कारखान्यांच्या वस्त्यांतलेच. ज्यांना त्रास त्यांचंच नाक, याहून न्यायाची गोष्ट कुठली? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर जरा जास्तच डोलावली, कारण त्याच नियमाने मला नोकरी लागली होती.

मी सरस गल्लीतली. सरस म्हणजे सुतार लाकूड चिकटवायला वापरतात ना, तो. हाडं आणि कातड्याचे तुकडे मोठाल्या कढयांत उकळून काढतात. गल्लीच्या टोकाला कारखाना, आणि गल्लीतली सगळी घरं कामगारांची, म्हणजे खरं तर कारखान्याचीच. नोकरी आहे तोवर घर. बाबा उकळखात्याचे मुकादम होते.

काय दिवस होते ते! कारखान्याची मागची भिंत बारा महिने कोमट असायची. थंडीत आम्ही सगळी पोरं तिला पाठ लावून अभ्यास करायचो, आणि जी जागा कढयांच्या बरोबर मागे यायची तिच्यासाठी रोज हाणामारी. वाफेचा नळ गल्लीतून जायचा, त्यावर आया कपडे वाळत घालायच्या. बाबा घरी आले की त्यांच्या हातांवर सरसाचा पातळ पापुद्रा वाळलेला असायचा. तो सोलायचा मान माझा. अख्ख्या तळहाताचा पापुद्रा न फाटता निघाला की बाबा म्हणायचे, “झाली बघ माझी सुटका!” जाळीवर वाळलेल्या सरसाचा तुटका तुकडा ते कधीकधी खिशातून आणायचे. मधासारखा पिवळा. तो डोळ्याला लावला की गल्ली, आई, नळ, कपडे, सगळं पिवळंधमक दिसायचं. मला अजून ते सगळं पिवळंच आठवतं.

वास? कसला वास? आम्हाला कधी आलाच नाही. शाळेत मुली माझ्याशेजारी बसायच्या नाहीत, तेव्हा आई म्हणायची, “शिष्ट मेल्या. तू लक्ष देऊ नकोस.” मी नाही दिलं.

तर रेल्वेलाइनच्या पलीकडे नवी कॉलनी झाली आणि तिथून तक्रार आली. नमुनेवाल्याने पिशवी आणली, आम्ही हुंगली, आणि त्या दिवशी मला एकही नळी धड ओळखता आली नाही. मी! माझ्याबरोबरच्या दुसऱ्या दोघी हुंगणाऱ्या आमच्याच भागातल्या, त्यांचंही तेच. निकाल लागला, वास मर्यादेच्या आत. नंतर कळलं की ती पिशवी आमच्याच कारखान्याची होती. सुनावणीत कारखान्याचे वकील छाती काढून म्हणाले, “खुद्द सरकारी नाकांना वास येत नाही, मग यांनाच बरा येतो?” गल्लीत बाबांनी सगळ्यांना चहा पाजला. मीही ऐटीत मिरवले, की बघा, कायद्याने सिद्ध झालं.

कॉलनीवाले काही गप्प बसले नाहीत. ते वरच्या न्यायाधिकरणात गेले. तिथून आदेश आला, पुन्हा चाचणी घ्या. दरम्यान त्या करारातल्या देशांनी मिळून हुंगणाऱ्यांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, आणि साहेबांनी मला पाठवलं. पहिल्यांदा विमानात बसले, पहिल्यांदा परका देश पाहिला. तिथल्या मास्तरीणबाईंनी सांगितलं, की जो वास रोजचा असतो तो नाकाला येईनासा होतो; माणूस काही आठवडे दूर राहिला की नाक पुन्हा जागं होतं, आणि परत आला की पुन्हा झोपतं. मी ते वहीत छान अक्षरात उतरवून घेतलं. मनात म्हटलं, असतील कोणी तसली बापडी नाकं.

परतले तेव्हा भर दुपार होती. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आली आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, “अहो, काही मेलंय का इथे?”

“मेलं नाही हो, इथलं हे रोजचंच,” तो म्हणाला. “काच वर घेऊ?”

घरापुढे उतरले. आई हात पसरून धावत आली, आणि मी तिला बाजूला सारून गटाराशी जाऊन भडाभडा ओकले.

“परदेशातलं खाणं बाधलं गं बाई,” आई माझी पाठ चोळत म्हणाली. तिच्या पदराला तो वास होता. उशीला होता. प्यायच्या पाण्याच्या भांड्याला होता. मी खिडकीशी खुर्ची घेऊन बसले, तर खिडकीतूनच तो येत होता. कुजलेलं, गोडसर, घशाला चिकटून बसणारं काहीतरी. यात मी जन्मले, वाढले आणि यातून उठून लोकांच्या दुर्गंधी मोजायला जात होते!

संध्याकाळी पाळी सुटली. बाबा दारातूनच ओरडले, “आली का माझी विलायती लेक?” आणि मला जवळ घ्यायला आले. मी मागे सरकले. दोन पावलं. ठरवून नाही हो, पाय आपोआप सरकले.

बाबांचे हात तसेच राहिले. मग त्यांनी विचारलं, “माझ्या अंगाला वास येतो?”

“बाबा, अहो, प्रवासाने माझं पोट...”

“तुला खोटं बोलता येत नाही, पोरी. येतो का?”

“येतो,” मी म्हटलं.

ते मोरीवर गेले आणि हात धुवत राहिले. साबण लावला, धुतले, परत लावला. मग मान न वळवता म्हणाले, “म्हणजे तुझ्या मावशीच्या लग्नात ती माणसं माझ्या शेजारची खुर्ची सोडून बसली होती, ती माजाने नव्हे. मी उगाच त्यांच्याशी भांडलो.”

मला रडू फुटलं. रडतारडता मी सगळं सांगून टाकलं. मास्तरीणबाई काय म्हणाल्या ते, आणि पुन्हा चाचणी लागली आहे तेही. आईच्या डोक्यात चटकन प्रकाश पडला.

“मग सोपं आहे की! चाचणीपर्यंत घरातच राहा. नाक झोपेल पुन्हा, येणार नाही वास. तू काही लबाडी करायला नको. अहो, तुम्ही सांगा ना हिला! कारखाना गेला तर घर जाईल. या वयात कुठे जायचं आपण?”

खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. नियमात कुठे लिहिलं होतं की मुलीने बापाच्या घरी राहू नये म्हणून? बाबा जेवले, आणि मुकाट्याने अंथरूण बाहेर ओट्यावर घातलं.

सकाळी उठते तर माझी बॅग दारात.

“मावशीकडे जा,” बाबा म्हणाले. “चाचणी होईपर्यंत इकडे फिरकू नकोस.”

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला?” आई कडाडली.

“त्या कॉलनीतली शाळा खिडक्या लावून भरते म्हणे. मी म्हणायचो, नाटकं करतात लेकाचे. काल माझ्या पोरीला ओकताना शेजाऱ्यांनी पाहिलं, मला सांगितलं. तीही नाटकं करते का?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझं नाक तुझं हत्यार आहे. माझ्यापायी ते बोथट करू नकोस. आणि रडू नकोस, नाक चोंदेल.”

मी ऑफिसात गेले आणि साहेबांना तोंडावर सांगितलं, तुमचा तो न्यायाचा नियम पार चुकला, वस्तीतली नाकं या कामाला बाद आहेत. साहेबांनी डोकं धरलं. दोघी आमच्या भागातल्या वगळल्या, बाहेरची नवी माणसं घेतली. मी म्हटलं, “मलाही वगळा. माझे वडील तिथे मुकादम आहेत.”

“तुम्ही तर हव्याच,” साहेब म्हणाले. “मुकादमाच्या मुलीला वास आला, तर वकील काय बोलणार?”

चाचणीच्या दिवशी मी कप्प्यात बसले. पहिल्या फेरीत काही नाही. दुसरीत काही नाही. पुढच्या फेरीत मधल्या नळीतून अगदी पुसटसं काही आलं. इतकं पुसट, की कुजकेपणा त्यात राहिलाच नव्हता. आणि काय सांगू, मला ओकारी नाही आली. कोमट भिंत आली. तळहाताचा पापुद्रा आला. पडद्याआड जणू बाबाच येऊन उभे होते. मी ती नळी नाकाशी धरून बसले. बाहेरून नमुनेवाला म्हणाला, “बाई, वेळ संपत आली.”

मी मधलं बटण दाबलं.

निकाल मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेला. कढया झाका, वाफ धुऊन सोडा, नाहीतर बंद करा, असा आदेश निघाला. मालकाने हिशेब केला आणि कारखानाच बंद केला. शेवटच्या दिवशी बाबांनी स्वतः कढयांखालची आग विझवली. आम्ही शहरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, माझ्या पगारावर. बाबा एका फर्निचरवाल्याकडे बसायला जाऊ लागले. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. ती कसर आईने भरून काढली, भांडण कशावरूनही असो, शेवट ठरलेला, “घर खाल्लं हिच्या नाकाने!”

आदेश निघाला आणि कारखाना बंद झाला, यांच्या मधले काही महिने मी गल्लीतच राहत होते. नाक पुन्हा झोपलं होतं. रोज बाबांना बिलगायचे, काही कळायचं नाही. मग कारखाना गेला, आणि हळूहळू तो वास कपड्यांतून, गाद्यांतून, बाबांच्या अंगातूनही गेला. बाबा वारले तेव्हा त्यांच्या अंगाला साधा साबणाचा वास होता, चारचौघांसारखा. मी मान खाली घालून पुष्कळ शोधलं. कोणी म्हणालं, किती रडतेय बघा. मी रडत नव्हते, हुंगत होते.

आज ती कॉलनी खिडक्या उघड्या टाकून झोपते. चांगलंच झालं, मी पुन्हा तेच करीन. पण माझ्या बापाचा वास मला साऱ्या जन्मात दोनदाच आला. एकदा दारात, तेव्हा मी मागे सरकले. एकदा नळीत, तेव्हा मी बटण दाबलं.