आठ जणांचा सॉना

सॉनाच्या दुकानातली विक्रेती मुलगी भली होती, म्हणून तिने अप्पांना आधी दोन माणसांचा सॉना, वाफेने अंग शेकायची खोली, दाखवला. घरात माणसं दोनच, अप्पा आणि त्यांची धाकटी बहीण, आणि दोघांचीही वयं दिसतच होती. अप्पांनी त्या लाकडी खोपटात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि आठ जणांचा दाखवा म्हणाले. मुलीने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने, म्हणजे पोरांच्या आत्याने, छताकडे पाहिलं. घरून निघाल्यापासून ती हेच ऐकत होती.

"रोज आठ जण बसणार का?" मुलीने विचारलं.

"एकदासुद्धा बसत नाहीत," अप्पा म्हणाले. "म्हणून तर हवाय."

आठाचा हिशेब साधा होता. अप्पा, आत्या, थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांची दोन मुलं, धाकटा मुलगा आणि धाकटी सून. ही आठ माणसं चार वर्षांत एका छपराखाली आली नव्हती. थोरला एका रविवारी यायचा, धाकटा पुढच्या. चुकून पाळी उलटसुलट झाली आणि फाटकाशी दुसऱ्याची गाडी दिसली, तर आलेला आल्या पावली परत जायचा.

अबोल्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो विषय कुणी काढत नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटा लांब कामावर होता. तिचं काही खरं नाही हे डॉक्टरांनी सांगूनही थोरल्याने त्याला कळवलं नाही. अप्पांना फोनवर ऐकू येत नसे, त्यामुळे फोन करणं हे कायमचं थोरल्याचंच काम. धाकटा आला तो सगळं आटोपल्यावर. का कळवलं नाही, हे त्याने एकदाच विचारलं. थोरला मूग गिळून बसला, तो आजतागायत. अप्पांनीही एकदा विचारून पाहिलं होतं. त्याने नुसती मान हलवली.

तेव्हापासून अप्पा घरचे निरोपे झाले होते. "त्याला सांगा, पाण्याच्या टाकीचं मी बघतो." "त्याला सांगा, बघून झालंय." नवरा-बायकोच्या रुसव्यात पोर जशी हमाली करतं, तशी हमाली या वयात अप्पा करत होते. आपण गेल्यावर हे दोघे एकमेकांना निरोप तरी कुणाकरवी देणार, ही एकच काळजी त्यांना होती.

मुलीने मोठे सॉने दाखवले. एक झटपट तापणारा होता, दगड नाहीत, वाफ नाही, बटण दाबलं की अंग गरम. अप्पांनी नाक मुरडलं. त्यांना विजेवर दगड तापवणारी शेगडी हवी होती, जी तापायला वेळ घेते आणि माणसांना थांबायला लावते. बाकही त्यांनी समोरासमोरचे नाकारले. लांब भिंतीला एक मोठा बाक आणि कोपऱ्यातून वळलेला एक आखूड, असं ठरलं. समोर बसवलं तर दोघे एकमेकांकडे बघणारच नाहीत आणि मानेला रग लागेल, असं त्यांनी आत्याला समजावलं. शेजारी बसवलं, तर शेगडीकडे तरी दोघे बघतील.

पैसे भरायच्या आधी मुलीने अप्पांच्या कानाकडे बोट दाखवलं. आत जाताना हे मशीन काढावं लागेल, म्हणाली, उष्णतेने ते खराब होतं. अप्पांनी पुन्हा विचारलं, नक्की काढावंच लागेल ना? मुलगी हिरमुसली, तिला वाटलं गिऱ्हाईक गेलं. अप्पांनी मात्र तिथल्या तिथे होकार दिला. परतताना आत्याने त्यांना गाडीत फैलावर घेतलं. सगळ्यांना एकत्र बसवायला एवढा खटाटोप, आणि तूच तिथे दगडासारखा बसणार, भाऊ? अप्पांचा विचार वेगळा होता. आपल्यासमोर दोघे चार वर्षांत बोलले नाहीत. कोण जाणे, आपल्या कानांचीच त्यांना अडचण होत असेल.

दुकानाचे कारागीर अप्पांनी नको म्हटले. थोरला सुतार होता, धाकटा वायरमन. घरात घोडं असताना भाड्याने कशाला आणायचं, असं ते दोघांना वेगवेगळं म्हणाले. धाकट्याने आधी आढेवेढे घेतले, कारण सॉना बसवायची ती खोली आईची होती. न्हाणीघराला लागून तीच होती, सांडपाण्याची वाटही तिथेच. तिचा पलंग हलवल्यापासून दाराला कडी होती. कडी लावून ती परत येत नाही, एवढंच अप्पा बोलले आणि कडी त्यांनी स्वतः काढली.

या कामासाठी थोरला शनिवारी यायचा, धाकटा रविवारी. थोरल्याने भिंतींना चौकट ठोकली, तिच्यात ऊब धरणारा थर भरला आणि त्यावर चंदेरी कागद चिकटवला. मोठ्या खोलीला मोठी शेगडी, आणि तिला जाडजूड स्वतंत्र तार. ती फळ्यांच्या मागून न्यायची होती, म्हणजे एकाचं काम अडलं की दुसऱ्याचं ठप्प. "त्याला सांगा, तार डावीकडून." "त्याला सांगा, डावीकडे हवेचं भोक आहे." दोन-तीन रविवार हेच चाललं. मग अप्पांनी निरोप घेणं सोडून दिलं. मला या कामातलं कळत नाही, भिंतीवर लिहा, म्हणाले.

पोरांनी लिहिलं नाही, खुणा केल्या. धाकट्याने पेन्सिलीने बाण काढला, त्याच्या टोकाला फुली. पुढच्या शनिवारी थोरल्याने बरोबर त्या फुलीवर भोक पाडलं. अप्पांनी त्यातून बोट फिरवलं. भोकाच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या, तारेचं आवरण सोलवटू नये म्हणून. अप्पा तिथेच, फळ्यांच्या ढिगावर, बराच वेळ बसून राहिले.

शेगडी पहिल्यांदा रिकामीच तापवली, दार सताड उघडं ठेवून, नवेपणाचा वास निघून जावा म्हणून. त्यानंतर माणसांनी बसायचं. अप्पांना डॉक्टरांनी एकट्याने बसायला सक्त मनाई केली होती, आणि हे त्यांनी दोघांनाही ठासून सांगितलं. फळ्या फुगतात का ते थोरल्याने बघायला हवं, शेगडी वेळेवर बंद होते का ते धाकट्याने. कुणालाच नाही म्हणता येईना. सुना, मुलं आणि आत्या स्वयंपाकघरात थांबली. आत्याने सगळ्यांना दरडावून ठेवलं होतं, तिकडे कुणी फिरकायचं नाही.

अप्पांनी दाराबाहेर मशीन काढून डबीत ठेवलं.

"काढल्यावर तुम्हाला ऐकू कसं येणार?" धाकट्याने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"शेकायला कान कशाला लागतात?"

अप्पा आखूड बाकावर बसले. पोरं लांब बाकाच्या दोन टोकांना. मधे तिघे सहज मावले असते. थोरल्याने पळीने दगडांवर पाणी ओतलं, वाफ उसळली, आणि अप्पांना तिचा सुस्कारासुद्धा ऐकू आला नाही. दोघेही शेगडीकडे बघत होते. घाम टपटपू लागला. कुणाचे ओठ हलत नव्हते. अप्पांना स्वतःचीच लाज वाटली. म्हातारपणी एवढा पसारा मांडला, खोली मोडली, आणि हाती काय आलं? उठावं आणि सरळ बाहेर जावं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात धाकट्याचे ओठ हलले. शेगडीकडे बघतच तो काहीतरी थोडंसं बोलला. थोरल्याचा पळीवरचा हात थांबला.

आणि मग थोरला बोलू लागला. सलग दोन वाक्यं ज्याच्या तोंडून मुश्किलीने निघायची, तो थांबायलाच तयार नव्हता. एक गोष्ट पोरं विसरली होती. अप्पांचा जन्म वर्तमानपत्राच्या छापखान्यात गेला होता. तिथल्या यंत्रांच्या धडधडाटात कुणाला काही ऐकू येत नसे, सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं उचलत. त्याच यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले आणि ही विद्या मागे ठेवली. थोरल्याच्या ओठांवर त्यांना 'आई' स्पष्ट दिसलं. मग 'म्हणाली'. पुढचा शब्द यायच्या आत अप्पांनी मान खाली घातली.

का कळवलं नाही, हे जाणून घ्यायला त्यांचा जीव तुटत होता. ती त्यांची बायको होती. तिचे शेवटचे शब्द तिथे, हातभर अंतरावर, त्यांच्या पोराच्या ओठांवर होते. नुसती मान वर करायची होती. पण थोरल्याने हे चार वर्षं त्यांच्यापासूनही राखलं होतं, आणि आज तो बोलत होता ते बापाला कळत नाही या भरवशावर. अप्पा आपल्या पायांकडे बघत राहिले. फळीला एक गाठ होती, तिच्यावर त्यांच्या हनुवटीवरून थेंब पडत होते. घाम किती आणि रडं किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळाने खांद्यावर हात आला. धाकटा होता, चला म्हणत होता. त्याचे डोळे लाल होते. थोरल्याचेही. वाफेने होतात.

बाहेरच्या थंड हवेत तिघे भिंतीला टेकून बसले. अप्पांनी हात पुसले आणि मशीन कानात घातलं. ते आधी शिट्टीसारखं वाजलं, मग स्वयंपाकघरातली भांडी ऐकू आली, मग नातवाचं हसणं. पोरं मात्र गप्पच होती. सगळं आतच राहिलं की काय?

थोरल्याने तांब्या उचलला. "पाणी हवंय का?"

अंगवळणी पडलेलं होतं. अप्पांनी लगेच धाकट्याकडे तोंड वळवलं. तो विचारतोय, पाणी हवंय का, हे त्यांच्या जिभेवर आलंही.

धाकट्याचा हात त्यांच्या छातीसमोरून आधीच पुढे गेला होता. "दे, दादा."

अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. काही वेळाने त्यांनी ते मिटलं, आणि मधून अडचण नको म्हणून पाठ भिंतीला आणखी टेकवली.