गौरवीचा कौल

कृष्णनाथ अंगणात काजूच्या बिया वाळत घालता घालता उपकेंद्राच्या नर्सशी भांडत होता. दोन्ही कामं त्याला सारखीच झेपत.

"आमचां चेडू काय भैरा नाय गे! पाववाल्या पोदेराचो भोंपू त्या वाड्यार वाजलो, की ह्यां हयसून धावता पावाक!"

"तांच सांगतंय, आजोबा," नर्स सेजल म्हणाली. "भोंपू ऐकता, पण नावान हाक मारल्यार वळणा नाय. बोट करून काय दाखयणा नाय. म्हापशाक न्हेवन एकदा ऑटिझमची तपासणी करून घेवा."

"गेल्या वर्सा तूच म्हणालंस, थांबा, बोलतला."

सेजल ओशाळली. "तेव्हा माका ठावक नव्हता. आता आमका शिकवल्यानी."

"म्हणजे शिकायच्या आदीच सांगी होतंस?"

"होय."

"बरा. मी चार वर्सांचो झालंय तेव्हा बोललंय."

"आणि मगे थांबलासच नाय," शेवंती चुलीपाशी पुटपुटली. ती गौरवीची आई. नवरा सिद्धेश बोटीवर, त्यामुळे घरात शब्द सासऱ्याचा, कृष्णनाथचा. ओसरीवर अडीच वर्षांची गौरवी करवंटी गरगर फिरवत होती. शेवंतीनं हाक मारली. करवंटी फिरतच राहिली.

"देवीचो कौल घेवया," सासऱ्यानं निकाल दिला.

या घरात फ्रीजसुद्धा कौल लावूनच आलेला. देवीच्या मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि एकदा नाही म्हटलं की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. देवीला काय खोटी पाडायची? शेवंती फिरत्या करवंटीकडे बघू लागली. डावी पडली तर पोरीचं शिकायचं वय असंच करवंटीसारखं फिरत जायचं.

देवळात गुरव गोकुळदासनं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि विचारलं, "प्रस्न काय तो सांगा."

कृष्णनाथ घसा खाकरू लागला. त्याचं खाकरणं लांबलचक असे. तेवढ्यात शेवंती पुढे झाली.

"चेडू माजां, मी इचारतंय. आये माउली, गौरवीक म्हापशाक तपासूक सोमवारी न्हेवया, काय शुक्रवारी? उजवी पडली तर सोमवार, डावी पडली तर शुक्रवार."

कृष्णनाथचं खाकरणं घशातच राहिलं. देवीपुढे ठेवलेला प्रश्न मागे घ्यायची छाती गावात कुणाची नव्हती. गोकुळदास फारच भक्तिभावानं जमिनीकडे बघू लागला.

डावी पाकळी पडली.

"शुक्रवारी बाजाराची गर्दी असता," कृष्णनाथनं शेवटचा प्रयत्न केला.

"तसा देवीक सांगू?" गोकुळदासनं विचारलं.

शुक्रवारी बसमध्ये सगळ्यांत आधी चढला तो कृष्णनाथच. म्हापशात डॉक्टरीणबाई गौरवीशी बराच वेळ खेळल्या, शेवंतीला खोदखोदून विचारलं आणि म्हणाल्या, "स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची लक्षणं दिसतात. याला गोळी-औषध नाही, पण आतापासून तिच्या कलानं शिकवलं तर पुष्कळ शिकेल. इतक्या लहानपणी सहसा कोणी आणत नाही. कुणी सुचवलं?"

शेवंतीनं तोंड उघडलं.

"देवीन," कृष्णनाथ म्हणाला. "माका इचारून."

शेवंतीनं पुढच्या शुक्रवारची वेळ तेवढी पक्की करून घेतली.