हात सोडला की थांबतं

सतरा वर्षं उंच इमारतींच्या काचा पुसून तिचे खांदे चांगले दणकट झाले होते. धंद्यातली माणसं तिला ‘पाल’ म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. भिंतीला चिकटून पोट भरणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार! ती वरून दोरावर उतरायची आणि धाकटा भाऊ खाली दोराचं टोक धरून उभा राहायचा. दुपारी तो गच्चीवर येऊन कठड्याला टेकायचा आणि दोघं एकाच डब्यातलं जेवायची. उतरण्यासाठी तिच्याकडे आठाच्या आकाराची साधी कडी होती. दोर तिच्यातून वळसा घेऊन जायचा. वर तिचा हात ढिला पडलाच, तर भावानं खालून दोर खसकन ताणायचा आणि ती जागच्या जागी थांबायची. सतरा वर्षांत त्यानं दोनदा असा दोर ताणला होता. एकदा तिला भोवळ आली तेव्हा, आणि एकदा कबुतर थेट तोंडावर आलं तेव्हा.

मग भावाच्या गुडघ्यांनी दगा दिला. बायकोच्या माहेरगावी त्याला बसून करायचं काम मिळालं आणि तो बिऱ्हाड घेऊन निघून गेला.

दोराचं सामान विकणारा दुकानदार एके काळी स्वतः डोंगरकडे चढलेला माणूस होता. त्यानं तिची कडी हातात घेतली, आतून बोट फिरवलं.

“झिजलीय बरीच. खाली कोण असतं?”

“भाऊ,” ती बोलून गेली.

“मग अशीच नवी घ्या. हात बसलाय तुमचा, खाली घरचं माणूस आहे. बदलायचं कशाला?”

तिनं नवी कडी घेतली, परत काउंटरवर ठेवली.

“भाऊ असायचा. आता नाही. गेला तो.”

दुकानदाराचा चेहरा पडला. “अरेरे. कधी गेले?”

“अहो, गेला म्हणजे गावाला गेला! गुडघे दुखतात त्याचे.”

दोघंही हसली. तिचं हसू आधी संपलं.

त्यानं दोरावर उतरायचे दोन यांत्रिक डिसेंडर पुढे ठेवले. पहिला हलका, मुठीत मावणारा. “दांडा दाबला की उतरतं, सोडला की थांबतं. पण घाबरलेला माणूस दांडा सोडत नाही, उलट आवळतो. मग हा सुसाट खाली नेतो.” दुसरा चांगलाच जड होता. “हा सोडला तरी थांबतो आणि घाबरून जोरात ओढला तरी थांबतो. दोर किती जाड आहे तुमचा?”

“दहा मिलिमीटर.”

“याला साडेदहाच्या खालचा चालत नाही. बारीक दोर यातून सरकतो. दोरही बदलावा लागेल.”

छताच्या तुळईला दोर टांगलेला होता. शिडीवरून ती त्यावर गेली, डिसेंडरवर भार टाकला आणि दोन्ही हात सोडले. हलली नाही. सवयीनं तिनं खाली पाहिलं. फरशीवर तिच्याच चपला होत्या.

“हाच द्या,” ती म्हणाली.

“देतो. पण एक ऐका. हा तुम्हाला अडवेल, सोडवणार नाही. लटकून राहिलात तर माणूसच लागतो. आधाराला दुसरा दोर वेगळा बांधा, आणि एकट्या जाऊ नका.”

तिनं काम देणाऱ्या मुकादमाकडे खाली उभा राहायला माणूस मागितला. तो म्हणाला, “आपोआप थांबणारं घेतलंत ना? मग माणूस कशाला? वॉचमन लक्ष ठेवेल.”

चौदा मजली कचेरी होती. नवव्या मजल्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथे वाऱ्याचा झोत आला, तिला भिंतीपासून उचललं आणि परत आणून आपटलं. उजवं कोपर चौकटीवर बसलं. घाबरून तिनं दांडा होता नव्हता तेवढा जोर लावून ओढला. खट् आवाज झाला आणि ती थांबली.

जीव वाचला होता, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. काचेपलीकडे एकजण पाठ करून डबा खात होता. तिनं डाव्या हातानं काच ठोठावली. त्याच्या कानात गाणी होती. खाली वॉचमनची खुर्ची रिकामी.

“बाळ्या!” ती ओरडली. भावाचं लाडाचं नाव. समोरच्या इमारतीवरून तिचाच आवाज परत आला आणि तिची तिलाच लाज वाटली.

वीसेक मिनिटं ती लटकून होती. मांड्यांना पट्टे काचू लागले. डबा खाणारा उठून गेला, त्यानं खिडकीकडे पाहिलंही नाही. हळूहळू बोटांत मुंग्या आल्या, मग जोर आला. तिनं दोर घट्ट धरला, अडकलेला दांडा मागे नेला आणि मग तो हलक्या हातानं थोडा थोडा ओढत एकेक मजला उतरली. जमिनीला पाय लागले तेव्हा वॉचमन चहाचा पेला घेऊन येत होता.

“झालं पण? आज लवकर?”

“नाही झालं,” ती म्हणाली. तिनं सामान गोळा केलं आणि तडक मुकादमाला सांगून आली, की माणूस मिळेपर्यंत दोराला हात लावणार नाही.

संध्याकाळी भावाचा फोन आला.

“ताई, नवीन यंत्र कसं आहे?”

“तुझ्यापेक्षा बरं. गुडघ्यांची रड नाही.”

तो खूप हसला. मग म्हणाला, “इथे बसल्या बसल्या दुपारी मान वर जाते गं माझी. वर नुसता पंखा असतो.”

तिला कोपराचं सांगायचं होतं. “जेवलास का?” एवढंच तिनं विचारलं.

पाचव्या दिवशी मुकादमानं माणूस दिला. गृहस्थ अबोल, पण कामाला चोख. ती दोरावर असेपर्यंत त्याची नजर ढळायची नाही. उतरायची वेळ झाली की खालून “या” म्हणायचा, बस्स. चौदाच्या चौदा मजले लख्ख झाले. दुपारी तो त्याचा डबा जिन्यात खायचा. ती गच्चीवर टाकीच्या सावलीत बसायची आणि भाकरीचा तुकडा मोडायच्या आधी एकदा कठड्याकडे बघायची.