लाल पट्ट्याची झारी

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. माझ्या गळ्याला लाल पट्टा आहे, म्हणजे माझ्यात फक्त खारे पाणी भरायचे. हिरव्या पट्ट्याची माझी बहीण गोडे पाणी घालते. मित्रांनो, देवाने तिच्या हाती जगवणे दिले आणि माझ्या हाती पारख.

नवी होते तेव्हा अशी चमकत असे की, "हिला देव्हाऱ्यात ठेवा," असे लोक म्हणत. मग मिठाने मला खाल्ले.

आमच्या काचघरात कपाशीच्या चाळीस जाती कुंड्यांतून लावल्या होत्या. रोज मी खारे पाणी घाली आणि रोज कुणाची तरी पाने कडेने करपत. जी जात तगेल तिचे बी खाऱ्या जमिनीत जाणार होते. पाणी घालणाऱ्या मावशींच्या भावाचे शेत तसेच, मिठाने पांढरे पडलेले. दोन वर्षे तिथे काही उगवले नव्हते.

शेवटी एकोणीस नंबरची एकच रांग उरली. तीही माना टाकू लागली. मावशी कुंड्यांपुढे मटकन बसल्या.

"अगं बयांनो, तुम्ही तरी दगा देऊ नका गं! दादाला काय तोंड दाखवू?"

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि मला गोड्या पाण्याच्या नळाखाली धरले. माझा जीव गुदमरला, पण मला वाचा कुठली? आठ दिवस हे चोरून चालले. रांग तरारली.

संशोधक मॅडम नाचायच्याच काय त्या बाकी होत्या. "मावशी, जिंकलो! हिचं पहिलं बी तुमच्या दादालाच. आजच कळवा, म्हणावं शेत तयार ठेव!"

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला.

"देऊ नका, मॅडम. मी गोडं पाणी घातलंय. लाल झारीतनं. हिचं बी तिथं मरेल."

"अहो मावशी, तीन वर्षांचं काम..."

"ठाऊक आहे. मला काढून टाका. पण दादाच्या शेतात हे नको."

"तुम्हाला काढून काय करू? भरा झारी. खाऱ्या पाण्याने."

मावशींनी भरली. एकही कुंडी त्यांनी चुकवली नाही. पाचव्या दिवशी रांग गेली. "या साली नाही रे, दादा," हेही फोनवर त्यांनीच सांगितले.

मित्रांनो, माझा तळ झिजला आहे. कधी गळेन, नेम नाही. एवढेच मागणे आहे, दया पोटात असू द्या, पण पारख करताना ती माझ्यात भरू नका. उद्या एकेचाळिसावी जात येणार आहे म्हणे. देवा, तिची पारख होईपर्यंत तरी मला फुटू देऊ नकोस.