भावना सिस्टरची बोटं

दुसऱ्यांदाही सुई चुकली आणि सहा महिन्यांचं लेकरू कळवळून रडलं. भावना मेश्रामनं कापूस दाबला. त्या इवल्या मनगटावर तिनं पुन्हा बोट फिरवलं. नस बोटाला लागतच नव्हती.

"सिस्टर, तुमचं नाव आयकूनच पारशिवनीवरून आलो," लेकराची आई वंदना रडवेली झाली होती. "गावात सांगतात, नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यातल्या त्या बाईले एका टोचणीत नस सापडते."

सोळा वर्षं ते खरं होतं. मग दोन वर्षांपूर्वी भावनाचा डावा डोळा अंधुक झाला, पायांना मुंग्या आल्या. एमआरआयनंतर डॉक्टरांनी सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंचं आवरण कुरतडते; बोटांना जे कळतं ते मेंदूपर्यंत पोचतच नाही. औषधानं वेग कमी होईल, गेलेलं परत येईलच असं नाही. हे तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, दवाखान्यात कुणालाच नाही. आता मे महिन्याच्या उन्हात बोटं जास्तच बधिर झाली होती.

तिनं तिसरी सुई उचलली आणि परत ठेवली.

"वैदेही, तू लाव वं."

नवी नर्स घाबरली. "तुम्हाले नाही सापडली, मले कशी सापडन?"

"कोपराच्या घडीत पाह्य. हळूच."

पहिल्याच टोचणीत सलाईन सुरू झालं.

भावना तडक मेट्रनकडे गेली. "मॅडम, बोटाले काहीच समजून नाही राहिलं. लेकराइले उगाच टोचून राहिली मी."

सगळं ऐकून मेट्रननं विचारलं, "काहून लपवलं इतके दिवस?"

"दुसरं काही येत नाही मले."

दुसऱ्या दिवसापासून तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं.

"बसाचं काम हाय, बरंच झालं वं," घरी तिचा नवरा संघपाल म्हणाला. ती हो म्हणाली आणि न्हाणीत जाऊन नळ मोठा सोडून रडली.

चौथ्या दिवशी खिडकीशी वंदनाचा नवरा आला, शालिकराम. त्यानं भावनाला कधी पाहिलं नव्हतं. हातात कैऱ्यांची थैली होती.

"बाई, माह्या लेकराले सुई लावली त्या सिस्टर कुठी भेटतील? आज सुट्टी झाली त्याची."

"वैदेही सिस्टर. दुसरा माळा," भावना म्हणाली. "लय हलका हात आहे तिचा."

तो जिना चढून गेला. भावनानं रांगेतल्या पुढच्या माणसाला नाव विचारलं.