मॅक्सच्या भरवशावर

या, बसा असे जवळ. आमच्या शशिकांतच्या अकलेची गोष्ट सांगतो. हसायचं तर खुशाल हसा, सांगताना तो स्वतःच आधी हसतो.

मागल्या साली, दोन हजार सहात, जन्मभर ट्रक हाकलेला हा गडी लेकीकडं, आसावरीकडं, अमेरिकेत अ‍ॅशबर्नला गेला. घरात एक म्हातारा कुत्रा, मॅक्स. पाणी पिऊन वळला की पुन्हा पाण्याचं भांडं शोधायचा. दार उघडायची वाट बघत बिजागरीच्या बाजूला उभा राहायचा. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलेलं, डोक्यात निरोप पोचवणारी रसायनं असतात, ती म्हातारपणी आटतात. म्हणून रोज एक गोळी, पोळीत गुंडाळून.

"आटू देत की," शशिकांत म्हणाला. "माझी कुठं दुथडी भरून वाहतायत? काल मायक्रोवेव्हमधे ठेवलेला चहा आज सापडला मला."

जावई केदार मात्र हसला नाही. "बाबा, डॉक्टर म्हणालेत, घराचा रस्ता चुकायला लागला की त्याला झोपवलेलंच बरं."

झोपवणं म्हणजे इंजेक्शन. कायमचं. शशिकांतनं मॅक्सला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं म्हातारे फिरायला निघाले. तिथली घरं म्हणजे एका साच्यातल्या विटा. चार वळणं झाली अन् आपलं घर कुठलं, शशिकांतला कळेना. पण गडी निवांत! लहानपणी बैलगाडीत घोरत पडला तरी बैल बरोबर दारात आणून सोडायचे. जनावर कधी घर विसरतं होय? त्यानं पट्टा सैल सोडला. "चल राजा, तू हो पुढं."

मॅक्स ऐटीत निघाला. एका दारापाशी गेला अन् बिजागरीकडं तोंड करून उभा राहिला.

"शाब्बास रे वाघा!" शशिकांतनं पायरीवर बूट काढले, बेल दाबली अन् ओरडला, "आसावरे, चहा टाक!"

दार उघडलं. गाऊनमधली गोरी बाई.

तिनं मॅक्सच्या पट्ट्यावरचा नंबर बघून फोन लावला. केदार अन् आसावरी गाडी घेऊन धावत आले, तेव्हा शशिकांत अनवाणी उभा अन् मॅक्स बाईच्या हातचं बिस्कीट खातोय.

"चुकलं कोण?" केदारनं विचारलं. "हा का?"

आसावरी कुत्र्याकडं बघत होती. डोळे भरलेले.

"छे! मी चुकलो," शशिकांत म्हणाला. "तो बिचारा घराकडंच ओढत होता. मीच फरफटत इकडं आणला. कुत्र्याचं ऐकायलाही अक्कल लागते, जावईबापू."

"बाबा, उद्यापासून एकट्यानं बाहेर पडायचं नाही," आसावरी म्हणाली. "अन् आधी डॉक्टरला डोकं दाखवायचं."

"दाखवू की. सापडलं तर मलाही बघायचंय."

मॅक्स अजून आहे. खिडकीतल्या उन्हात पडून असतो. तेव्हा तुमच्यातलं कोणी तिकडं गेलं, अन् बाप कसा वेंधळा ते आसावरी सांगायला लागली, तर माझ्यासाठी एवढं करा: नुसती मान डोलवा. कुत्र्याचं नाव काढू नका.